भिंतीला लागलेला लोणा

शेजारच्या बापूकाकांनी आमची समुद्राकडे जाणारी वाट अडवून भिंत बांधली, त्या भिंतीला आता लोणा लागलाय. रंगाखालून मिठाची पांढरी पूड बाहेर येतेय, पोपडे गळून पडतायत. रोज संध्याकाळी मी तिथे मुद्दाम थांबतो आणि डोळे भरून बघतो.

आई त्याच वाटेने पुळणीवर जायची. तिचं शेवटचं वर्ष समुद्राचा नुसता आवाज ऐकण्यात गेलं.

काकांनी रेती फुकटची, समोरच्या किनाऱ्यावरचीच उचलली; गोड्या पाण्यात धुऊनही घेतली नाही. समुद्राचं पाणी उडून जातं, पण मीठ मागे राहतं. पावसाळी हवेतली ओल पिऊन ते विरघळतं, ऊन पडलं की पुन्हा त्याचे खडे बनतात आणि ते खडे गिलावा आतून फोडतात. त्याला कसलीच घाई नसते. मलाही नाही.

काल मी भिंतीवर बोट फिरवून चाखलं. खारट, आणि मागून किंचित कडू.

"काय करायचं रे हिला?" काका फाटकातून म्हणाले. "दर वर्षी रंग लावतो."

ओल आत कोंडली की मीठ जास्तच जोर धरतं, हे मला ठाऊक आहे.

"या वेळी ऑइल पेंट लावा, काका," मी म्हणालो. "चांगले दोन हात मारा."