पिंजाऱ्याच्या बायकोची गादी

दूधबाजाराच्या मागच्या गल्लीत दस्तगीर पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या आतल्या अंगाला त्याची बायको, हुरमतबी. नाव दुकानावर दस्तगीरचं, पण टाका हुरमतबीचा. पिंजलेला कापूस भरलेली खोळ मांडीखाली दाबायची आणि वीतभर दाभण आरपार घालून दोरा असा ओढायचा, की दहा वर्षं कापूस जागचा हलत नसे. गंगापूर रोडच्या बंगल्यांतल्या नव्या नवऱ्या तिच्या टाक्यांवर झोपल्या, आणि म्हाताऱ्या तिच्या टाक्यांवर सुखानं मेल्या. आणि ती स्वतः? फरशीवर चटई टाकून. एक-दोन रात्री नव्हे, अकरा वर्षं.

हे खूळ चौऱ्याण्णव सालचं. दुपार कलतानाच्या असरच्या नमाजनंतर मशिदीत बयान चाललं होतं. दस्तगीर नेहमीसारखा दाराशी बसलेला. गिऱ्हाईक आलं तर दिसावं, एवढाच हेतू. म्हातारे इमामसाहेब सांगत होते, की हुजूर, म्हणजे पैगंबरसाहेब, साध्या चटईवर झोपत, उठले की अंगावर चटईचे वळ दिसत, आणि ते पाहून त्यांचे साथी हजरत उमर यांना रडू आलं. दस्तगीरचेही डोळे भरले. त्या भरल्या डोळ्यांनी त्यानं बाहेर पाहिलं, तर मंडपवाले देवराम शेठ स्कूटर लावून उभे. पुतणीच्या लग्नाच्या बारा गाद्या सांगायच्या होत्या. दस्तगीर उठला. बयानाचा उरलेला भाग बाकीच्यांनी ऐकला.

घरी आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "आजपासून चटई. दुनिया चार दिवसांची आहे."

हुरमतबीनं दाभणावरून मान वर केली नाही. "आणि बारा गाद्या?"

"ते पोटासाठी."

"मग पाठीनं काय गुन्हा केला, शमशादचे अब्बा?"

खाट आठवड्यात विकली गेली, गादी गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली. पुढं एकदा तिनं उरल्यासुरल्या कापसाची एक पातळशी गादी स्वतःपुरती भरली. दुसऱ्या दिवशी ती एका फकिराच्या खांद्यावरून गल्लीबाहेर चालली होती. "सवाब तुलाच लागेल, सगळं पुण्य तुझं," दस्तगीर म्हणाला. त्यानंतर तिनं स्वतःसाठी सुई उचलली नाही.

आता दस्तगीर खरंच विरक्त असता, तर गल्ली त्याच्या पाया पडली असती आणि हुरमतबीही गप्प राहिली असती. पण त्याचं वैराग्य पाठीपाशी सुरू होऊन पाठीपाशीच संपायचं. दर रविवारी सकाळी बकऱ्याच्या पायांची नहारी लागायची, वर लिंबू पिळून. नळी ताटलीवर ठोकून ठोकून आतला मगज काढल्याशिवाय साहेबांची दुनिया नाशवंत होत नसे. चहात साय लागायची. आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे चौकातल्या हॉटेलात बसून सदरा पाठीवर सरकवायचा आणि वळ दाखवायचे. "माशाल्लाह, दस्तगीरभाई, गादीवाला असून चटईवर!" हे ऐकताना त्याचा चेहरा असा फुलायचा, जसा पिंजणीतून निघालेला कापूस.

समोर भाजीची पाटी लावणारी भागीबाई ते बघून यायची आणि सगळं जसंच्या तसं सांगायची. "हुरमतबी, तुझ्या मालकाची पाठ आज पुन्हा चौकात होती बघ. तुझे वळ कुणाला दाखवतेस?"

"माझे अल्लामियाँ बघतात."

"ते बघतात गं. पण कापूस तर तुझ्याच घरात आहे ना!"

शहाण्णव साली लेकीचं, शमशादचं, लग्न ठरलं, मालेगावच्या लूमवाल्यांकडे. जहेजमध्ये गादी द्यायची नाही, असं दस्तगीर बोलून बसला. त्या एका दिवशी हुरमतबी उभी राहिली. पिंजाऱ्याची पोर गादीशिवाय सासरी गेली, तर मालेगाव थुंकेल, असं तिनं सुनावलं आणि गादी भरली. शेवटचा टाका घातल्यावर, कापूस सगळीकडे सारखा बसलाय का बघते म्हणून दुपारी ती त्यावर आडवी झाली, ती तासभर उठलीच नाही. शमशादनं हलवलं तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "चांगली झालीय. घेऊन जा." तासभर सुख, तेही लेकीच्या वाट्यातलं.

पुढं दोन हजार तीनचा सिंहस्थ आला. देवराम शेठनं मंडपांसाठी दीडशे गाद्यांचं काम आणलं. गंगेवर डुबकी मारायला आलेल्या लोकांच्या पाठी शेकाव्यात, म्हणून हुरमतबी दोन महिने उकिडवी बसून टाके घालत राहिली आणि उजव्या खुब्यानं कायमचा दगा दिला. कूस बदलायची म्हणजे अंगावर काटा. डॉक्टरांनी फोटो बघितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "थंड फरशी बंद. खाली पातळ का होईना, गादी घ्या." मग दस्तगीरचा धंदा कळल्यावर हसले. "गादीवाल्याच्या बायकोला गादी लिहून देऊ?"

रिक्षात तिनं त्या अकरा वर्षांतलं एकुलतं एक मागणं मागितलं. "तीन बोटं कापूस. जास्त नको."

"सब्र कर. जन्नतमध्ये मखमलीची मिळेल."

"तिथं तरी भरणार कोण? मीच ना?"

रिक्षावाला हसला, म्हणून दस्तगीर चिडला, आणि विषय तिथंच मिटला.

दोन वर्षांनी मशिदीत नवे इमाम आले. तरुण, हसरे. एका सकाळी आपली जुनी गादी रिक्षातून उतरवून ते थेट दुकानात. "दस्तगीरचाचा, जरा पिंजून द्या. आतला कापूस फार गोळा झालाय."

दस्तगीर बघतच राहिला. "हजरत, तुम्ही गादीवर झोपता?"

"मग काय बयानाच्या मिंबरवर झोपू?"

दस्तगीरनं छाती काढून चटईची हकिकत ऐकवली, सवयीनं सदराही वर केला. इमामसाहेबांनी पाठ बघितली नाही. पडद्याआडून दोरा ओढल्याचा आवाज येत होता, तिकडं त्यांचं लक्ष गेलं. "आणि चाची?"

"तीही चटईवर. माझ्याबरोबर."

"तिनं ठरवलं, की तुम्ही?"

दस्तगीर सदरा खाली ओढू लागला.

"चाचा, चटईचं ऐकलंत ते खरं. पण हुजूरांचं अंथरूणही होतं, चामड्याचं, आत खजुरीच्या झाडाचा काथ्या भरलेला. तुमच्याच धंद्यातली वस्तू! दुवेत रोज आधी दुनियेतली भलाई मागता, मग आखिरतची, मरणापलीकडची. अल्लाहनं हलाल केलेला आराम तुम्ही हराम करणारे कोण? स्वतःला सोडायचाय, सोडा. पण अंगाचा हक्क असतो, बायकोचा हक्क असतो. आपल्या पाठीवर वळ उठवा. दुसऱ्याच्या पाठीवर उठवायला कुणी सांगितलं?"

पडद्याआड दोरा थांबला. हुरमतबीला वाटलं, आता हा माणूस आत येईल आणि काहीतरी म्हणेल. दस्तगीर आत आला तो खोळीचं कापड मोजायला.

पाच दिवस तो खपला. तीन बोटं कापूस कुठला! हातभर उंच सावरीचा कापूस, वर लाल मखमल. चौकातल्या हॉटेलात आता सदरा वर जात नव्हता. आता नवं बयान होतं, बायकोच्या हक्काचं. जुम्म्याच्या नमाजनंतर गल्ली गोळा झाली. दस्तगीरनं गादी दुकानाच्या दारातच अंथरली. "बस, हुरमत. सगळ्यांसमोर बस."

ती बसली, आणि कमरेपर्यंत आत गेली. गल्लीनं वाहवा केली. मग तिला उठायचं होतं. फरशीवर ती दोन्ही हातांवर जोर देऊन उठायची. इथं हात कोपरापर्यंत सावरीत रुतले. खुबा वळला, तोंडातून हाय निघाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. दस्तगीरनं एक बगल धरली, भागीबाईनं दुसरी, तेव्हा कुठं ती बाहेर आली.

"अर्धी सावरी काढा," लोक गेल्यावर ती म्हणाली. "तीन बोटं ठेवा."

"मखमल उसवू? सगळ्यांनी बघितलीय!"

"हुरमतबी, तू घाल की चार टाके," भागीबाई म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम."

"हक्क स्वतःच भरून घ्यायचा असता," हुरमतबी म्हणाली, "तर अकरा वर्षं कशाला थांबले असते?" आणि तिनं चटई पसरली.

गादी महिनाभर कोपऱ्यात उभी राहिली. मग वस्तू वाया घालवणं गुनाह आहे, हे दस्तगीरला आठवलं. जेवल्यावर थोडं पडणं ही सुन्नत आहे, हुजूरांची रीत आहे, हेही त्याला नेमकं आठवलं. आता दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर तो लाल मखमलीवर पडतो आणि घोरणं चौकापर्यंत जातं.

परवा देवराम शेठ दुपारचे आले. हुरमतबी उजवा पाय लांब करून कुणाच्या तरी गादीला टाके घालत होती.

"दस्तगीरभाई आहेत का?"

"आहेत. सुन्नत अदा करतायत," ती म्हणाली. "काम मला सांगा."