व्हॉल्व्हचं जित्राब

लासूर स्टेशनच्या फलाटावर बा मला सोडायला आला, तर त्याच्या मागं एक मेंढीबी चालत आली. बाकीचा कळप घेऊन माय बाहेर उभी. "हाकल की तिला, लोक बघायलेत," मी म्हणलो. विसाव्या वर्षी पोराला बापाची लाज वाटते, मेंढीची तर वाटणारच. त्या साली गावात टँकरनं पाणी यायचं आणि चाऱ्याच्या नावानं नुसती धूळ. गाडी हलली तसा बा म्हणाला, "जिथं पाणी गावंल तिथं मुक्काम टाकावा. मागं बघू नको." मीबी लई शहाणा, खरंच मागं बघितलं नाय.

तुम्ही गावाकडं राहिलेले म्हणता, तू सुटलास. डोंबलाचा सुटलो! औरंगाबादेत, तेव्हा आम्ही हेच नाव घ्यायचो, एका मंडपवाल्याकडं स्पीकर उचलायचं काम लागलं. गारखेड्यात एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली. खोलीमागं तेव्हा बाभळी आणि ज्वारीची रानं होती, आता नुसती अपार्टमेंटं आणि त्यांचं पार्किंग. माझ्यासारखे निघून आलेले असतील त्यांना विचारा, पहिली दोन वर्षं पहाटे जाग आली की कान मेंढरांचा आवाज शोधतात. मग शोधायचं सोडतात.

तिथंच सलीमभाई भेटले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे, पण जीव जाझमध्ये. त्यांच्याकडं एक जुना अमेरिकन बेस ॲम्प्लिफायर, आमच्या भाषेत अँप, होता, मुंबईच्या कुठल्या हॉटेलातल्या बँडकडून आलेला. जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा. वर मशीन, खाली कपाटाएवढं आठ स्पीकरचं खोकं, उचलायला चार माणसं. चालू केला की व्हॉल्व्ह लालबुंद होईस्तोवर दम धरायचा. मग जाड तार छेडली की आवाज कानात नाय, बरगडीत यायचा. जाझ फ्युजनचे नावाजलेले बेसवाले एकेकाळी असलंच धूड घेऊन स्टेजवर उभे राहायचे, हे सलीमभाईंनी मला शंभरदा तरी ऐकवलं असंल. आता डब्याएवढे अँप मिळतात. वाजतात चांगले, पण घुमत नायत. सलीमभाईंनी मला बेस शिकवला, आणि त्यांचे सांधे धरले तेव्हा तो अँप माझ्या हवाली केला. पुण्याची पोरं खास तो ऐकायला यायची. मला त्याचा लई माज होता.

मग पुन्हा दुष्काळ पडला आणि बानं कळप विकला. "ये इकडं, दोघंबी या," असं मी किती वर्षं म्हणत होतो, तो एकदाचा आला. "आधी मी ऱ्हाऊन बघतो. करमलं तर हिलाबी आणतो," म्हणाला. तिकडं मायनं पेटी भरून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाय.

पहिल्याच दिवशी त्याला अँप दाखवला. कौतुकानं म्हणलो, "बा, हे माझं जित्राब बघ. याच्यावर माझं सगळं हाय. आणि याला उन्हाळ्याचा लई तरास." बानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अंग तापतंय याचं," म्हणाला. मी हसलो. हसण्यापरीस तवाच समजून सांगितलं असतं तर?

त्याच आठवड्यात आमच्या तिघांच्या बँडचा मोठा कार्यक्रम होता. दुपारी नेण्याआधी एकदा तपासावा म्हणून मी अँप चालू करून, मागचं झाकण काढून तापत ठेवला आणि खाली टेम्पो आला का बघायला गेलो. ऊन नुसतं कहर करायलं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाच्या वाटणीला अंघोळीची एकच बादली. त्या दिवशी त्यानं अंघोळ केली नाय. उन्हानं मेंढरू धापा टाकायला लागलं की आमच्यात त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकतात. बानं पोतं त्या बादलीत बुडवलं आणि माझ्या जित्राबावर टाकलं.

वर आलो तर जळका वास आणि लाईट गेलेली. व्हॉल्व्ह तडकलेले, मशीनमधून धूर. पोतं ओढून काढायला गेला तवा बाला करंट बसला होता. तो उजवा हात काखेत दाबून भिंतीला टेकला होता. "लई तापलं व्हतं रं," म्हणाला. आणि मी काय केलं? मी मशीनपाशी गुडघे टेकले. म्हणलो, "काय केलंस हे, बा! मेंढरं राखायची अक्कल इथं चालत नाय!"

सलीमभाईंना फोन लावला, रडतच सगळं सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य, "मशीन गया भाड में. अब्बा को कुच हुआ तो नै?" तेव्हा कुठं मी बाचा हात बघितला. तळवा आणि दोन बोटं करपली होती.

दवाखान्यात पट्टी करून आणली. त्याला खोलीवर बसवला आणि संध्याकाळी उसन्या अँपवर वाजवायला गेलो. टाळ्याबी पडल्या. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. सकाळी बानं घोंगडी खांद्यावर टाकली. "तिकडं ती एकटीच हाय," एवढंच म्हणाला. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अँप पुण्यात दुरुस्त झाला, पहिल्यासारखा घुमतो. बाची दोन बोटं काय सरळ झाली नायत. लोकर कातरायची कातर त्याच्या हातात बसत नाय, म्हणून पुढं चांगला पाऊस झाला तरी त्यानं मेंढरं घेतली नायत. शहराचा विषय मी काढला की तो उठून बाहेर जातो.

परवा चार दिवसांची सुट्टी काढून गेलो. दारात बॅग टेकवली आणि तिथंच भुईवर फतकल मारून बसलो. घर म्हणजे दुसरं काय असतं? धुळीत बसलं तरी कुणी उठवत नाय, ते घर. बा आतून सतरंजी घेऊन आला. डाव्या हातानं झटकली, अंथरली, मला वर बसवलं. मग आत बघून मायला म्हणाला, "चा लवकर ठेव. त्याला सांजच्या एष्टीनं जायाचं असंल."

मी व्हय म्हणलो.