तीन ठिकाणचा चहा
स्पिरिटचा वास आला की परतूरची ती दुपार आठवते. सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी नवऱ्यानं फोडलेलं माझं कपाळ पुसलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "ताई, घरी जाऊ नका, पोलीस ठाण्यात जा." ठाण्यातल्या जमादारांनीही चहा मागवला, सगळं पहिल्यापासून विचारलं आणि घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी चहा दिला, सगळं पुन्हा ऐकलं आणि म्हणाल्या, "आधी दवाखान्यातून जखमेचं लिहून आणा." तिघंही मायेनं बोलले, पण एकमेकांना फोन कुणीच केला नाही. मी दवाखान्यात परत गेले तर नर्सबाईंची ड्युटी संपलेली. उन्हं उतरली, समोर आमच्या गावाची, आष्टीची गाडी उभी होती, तिच्यात बसले. नवऱ्यानं दारातच विचारलं, "कुठं गेल्ती?" म्हटलं, "कुठंच न्हाई." आज वाटतं, त्यात खोटं काहीच नव्हतं.