अर्ध्यावर अडकलेला काटा

पेट्रोलचा वास हाताला लागला की दोन दिवस हटत नाही. साबण झाला, लिंबू झालं, बेसन चोळून झालं. तरी घास तोंडाशी नेला की आधी पेट्रोलच! आणि खरं सांगू? मला तो वास आवडतो. बहात्तराव्या वर्षी कुणाच्या हाताला चंदनाचा सुगंध येत असेल, कुणाच्या कापराचा. माझ्या हाताला परवापासून पेट्रोलचा येतोय, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही संकोच नाही.

माझी गाडी पन्नास वर्षांपूर्वीची, आमसुली रंगाची. कॅनडात नवी होते तेव्हा सेकंडहँड घेतलेली. शरदात मेपलची पानं पेटल्यासारखी लाल होतात, तेव्हा ओकव्हिलच्या तळ्याकाठून ती संथ चालवत न्यावी, काच खाली करून गार वारा अंगावर घ्यावा, यापरतं ऐश्वर्य मी दुसरं मागितलं नाही. गेल्या ऑक्टोबरात मात्र ती भर दुपारी हायवे फोर-ओ-थ्रीवर दोन आचके देऊन थांबली. काटा म्हणत होता, टाकी अर्धी भरलेली आहे. टाकीत थेंब नव्हता.

निखिल, माझा मुलगा, बर्लिंग्टनहून धावत आला. टो ट्रक बोलावला, मला घरी आणलं, सगळं कसं शांतपणे, सौजन्याने! आणि जाताना हुकावरची गाडीची किल्ली खिशात टाकली. “जस्ट फॉर द विंटर, आई.” मग दाराशी वडिलांना हळूच म्हणाला, “बाबा, आय थिंक शी इज फर्गेटिंग थिंग्ज.” माझे कान अजून शाबूत आहेत, हे मात्र तोच विसरला.

मी! जिने तीस वर्षं एका कारखान्यात मापन-उपकरणं तपासली, कुठला काटा खरं सांगतो आणि कुठला थापा मारतो हे ठरवणं हीच जिची नोकरी, ती मी विसरभोळी ठरले! त्या नोकरीत एक गोष्ट शिकले. थरथरणाऱ्या काट्याचं भय नसतं, कारण त्याच्यावर कुणी विसंबतच नाही. फसवतो तो मध्यावर समाधानाने स्थिरावलेला काटा. माणसंही अशीच नसतात का? सगळं ठीक आहे म्हणून स्वस्थ बसलेली, आणि आतून केव्हाची कोरडी पडलेली! हिवाळाभर मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसला. त्या कामाला मी चालते, गाडी चालवायला चालत नाही. काय न्याय आहे!

एप्रिल आला, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन गेलं, पण किल्लीचं नाव कुणी काढेना. तेव्हा मी गराजचं दार सताड उघडलं, बॅटरीची वायर सोडली आणि डिकीतला गालिचा उचलला. खाली टाकीच्या माथ्यावर एक गोल कडी असते. ती फिरवली की सेन्सर बाहेर येतो. लोखंडावर लोखंड आपटलं तर ठिणगी उडायची, म्हणून मी लाकडी लाटण्याने ठोकून कडी सैल केली. हे, म्हणजे माझे यजमान, दारातून कळवळले, “अगं, ते पोळ्यांचं लाटणं!” म्हटलं, पोळ्या मीच करते, मला ठाऊक आहे.

सेन्सर म्हणजे तरी काय? एक तरंगणारा पोकळ डबा, त्याला बारीक दांडी. पेट्रोल चढलं की दांडी चढते, उतरलं की उतरते, आणि तिच्या चालीवर समोरचा काटा हलतो. ती दांडी जुन्या पेट्रोलच्या चिकट किटणाने बरोबर अर्ध्यावर घट्ट धरली होती. अख्खी सकाळ मी ते किटण खरवडलं. मग टाकीचं तोंड बंद करून बॅटरी जोडली आणि लांब वायर लावून सेन्सर बाहेर अंगणात नेला. काटा हलतो का पाहायचं, तर किल्ली फिरवायला हवी. आणि किल्ली बर्लिंग्टनला! मी मटकन पायरीवर बसले.

ज्याने हिवाळाभर ना लेकाची बाजू घेतली ना माझी, त्या माणसाने तेव्हा स्वेटरच्या खिशातून दुसरी किल्ली काढली. “लागेल म्हणून ठेवली होती,” एवढंच म्हणाले आणि जाऊन स्टिअरिंगमागे बसले. मी बोटाने दांडी उचलत गेले, आणि हे आतून ओरडत गेले, “पाव! अर्धा! पाऊण! अगं, भरली, भरली!” इतका सुंदर आवाज मी ह्यांचा लग्नानंतर ऐकला नव्हता.

आता तुमच्यापाशी एक कबुली. काटा अडतो, हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. म्हणून दर वेळी टाकी भरली की मी मैलांचा आकडा वहीत लिहायची. ऑक्टोबरातल्या त्या खेपेला लिहिला नाही. विसरले. मग? निखिल फोन विसरतो, चार्जर विसरतो, एकदा पोरीला शाळेतून आणायचं विसरला. त्याची किल्ली कुणी नेली का? चाळिशीतला विसरला तर बिझी, आणि सत्तरीतली विसरली तर संपली!

सेन्सर परत जागेवर बसवला, काल टाकी काठोकाठ भरली, वहीत आकडा लिहिला, आणि त्याच फोर-ओ-थ्रीवरून मी एकटी बर्लिंग्टनला गेले. दार उघडून निखिल आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागच्या गाडीकडे बघतच राहिला. “आई, यू ड्रोव्ह?”

“हो. त्या दिवशी काटा अडकला होता आणि मी विसरलेही होते, दोन्ही खरं. काटा मी दुरुस्त केलाय. डोक्याची टेस्टसुद्धा देणार आहे, अपॉइंटमेंट घेतलीय. आता माझी किल्ली दे.”

तो आत गेला, किल्ली घेऊन आला, पण हातातून सोडवेना त्याला. “आय वॉज स्केअर्ड, आई.” पुढे केलेला हात मी मागे घेतला नाही. म्हटलं, बाळा, भीती मलाही वाटते. उद्या खरोखरच रस्ते विसरायला लागले, तर ही किल्ली मी स्वतः इथे येऊन तुझ्या हातावर ठेवीन. पण ठेवीन मी. तू न्यायची नाहीस.