शिडीच्या खालच्या पायरीवर सासू

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझा नवरा नव्या कचेरीत शिपाई लागला. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच पुढे चालू. आमच्या घरावर पत्रे होते, पत्र्याच्या कडेला पन्हळ आणि पन्हळीखाली सिमेंटचा हौद. पाऊस पडला तर छपरावरचं पाणी हौदात येणार. पण पाऊसच नसल्यामुळे पन्हळीत कडुलिंबाचा पाला, धूळ आणि कबुतराचं घरटं एवढंच साठलं होतं. एका दुपारी निलंग्याच्या बाजूनं ढग वर आले. पाऊस यायच्या आत पन्हळ मोकळी झाली नसती, तर सगळं पाणी अंगणात सांडून गेलं असतं.

नवऱ्यानं कचेरीची शिडी मागून आणली. पण चढायच्या आधी भाषण. कचेरीतल्या वायरमननं त्याला शिकवलं होतं. शिडीच्या पायांना टायरचे तुकडे बांधले. फार उभी नको, फार तिरपी नको, म्हणून ती तीनदा सरकवली. हात मोकळे पाहिजेत, म्हणून खुरपं कमरेला खोचलं. वरचं टोक बांधायला दोरीही होती, पण खालच्या पायरीवर माणूस बसवला की दोरी लागत नाही, हा त्याचा स्वतःचा शोध. तिथं त्यानं आपल्या आईला बसवलं. सासूबाई बसल्या की बाजसुद्धा सरकत नसे.

"माय, उठू नको बरं."

"मी कशाला उठू? तंबाखू दे अन् चढ."

तो पत्र्यावर गेला आणि काठाशी बसून पाला खाली टाकू लागला. बराचसा माझ्या डोक्यावर.

"अहो, खाली माणसं हायत."

"दिसायलंय मला."

अर्धी पन्हळ झाली असेल, तोच गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. चार दिवसांनी आला होता. सासूबाई त्या वयात एवढ्या झटक्यात कशा उठल्या, ते मला अजून कळलं नाही. त्यांनी बादली घेतली, मी दोन घागरी. नवरा कुणाच्याच ध्यानात राहिला नाही.

टँकरपाशी ही झुंबड. शेजारीण आमच्या पाठोपाठ एक शिडी घेऊन आली आणि तिनं नळी टाकायला आपल्या नवऱ्याला टँकरवर चढवलं. शिडीवर पांढऱ्या रंगात कचेरीचा नंबर होता. मी चौथी पास आहे, तो वाचला. मनात म्हटलं, आमच्यासारखीच दिसते. मग माझी पाळी आली.

घरी आलो तर वरून आवाज आला, "भरलं का पाणी?"

"भरलं," सासूबाई म्हणाल्या. "तू अजून वरच हायस?"

"शिडी कुठं हाय?"

"टँकरला लावली."

"अन् मी?"

"तुला कुठं जायचंय? टँकर निघून गेला असता."

तेवढ्यात थेंब आले. उतरता येत नव्हतं, म्हणून त्यानं बडबडत उरलेली पन्हळही साफ केली. खुरपं कधीच खाली पडलं होतं, हातानंच खरवडली. एवढं मन लावून त्यानं घरातलं दुसरं काम कधी केलं नाही. हौद कमरेइतका भरला आणि नवरा गुडघे पोटाशी धरून भिजत बसला.

पाऊस थांबल्यावर शेजारणीनं शिडी आणून दिली. ती मी लावली. सासूबाई पदर खोचून खालच्या पायरीवर बसायला निघाल्या.

"माय," नवरा वरून म्हणाला, "तू घरात जा. हिला म्हणावं, दोरी घेऊन वर ये."