खिंड १ कि.मी.

रस्ते खात्यातल्या रंगाऱ्याला सायकलवाल्यांचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही. दर वर्षी हिवाळा सरला की तीन खिंडींची फेरी निघायची. पहाटे गावातून सुटायचं, एकामागून एक तीन खिंडी चढायच्या, एकशे चाळीस किलोमीटर तंगड्या मोडून घ्यायच्या आणि संध्याकाळी गावात परत यायचं. "जिथून निघालात तिथंच यायचं होतं, तर लेको, निघालात कशाला?" हा त्याचा विनोद. सतरा वर्षं तो हाच विनोद करत होता आणि दर वर्षी तो नुकताच सुचल्यासारखा स्वतःच हसत होता.

त्या दिवशी त्याची ड्यूटी तिसऱ्या खिंडीत असे. रस्त्याच्या कडेने प्लास्टिकचे शंकू मांडायचे आणि साडेतीनच्या ठोक्याला माथ्यावर आडवी दोरी बांधायची. दोरीच्या आत आला तो पास. मागे राहिलेल्याची सायकल ट्रकमध्ये चढवायची, मालकासकट. ही दोरी बांधण्यात रंगाऱ्याला कोण आनंद व्हायचा! घट्ट चड्ड्यांतले डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब दोरीपाशी येऊन हात जोडायचे, घड्याळं दाखवायचे. एरवी पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट बोलावणारी ही माणसं इथे डोंगर चढायला येतात आणि वर रडतात, असं म्हणून तो गाठ आणखी आवळायचा.

आता हा स्वतः कोण लागून गेला होता? एकतीस वर्षं रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून दगड रंगवत होता. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरत. मुकादमाने हाक मारली तर ओ द्यायच्या आधी तोंड वाकडं करायचा. अक्षर मात्र देखणं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आकडे तर असे की बघत राहावं. त्याच्या दोनला खाली एक लांब शेपटी असे, टोकाशी जराशी वर उचललेली. खात्यात कुणालाच तशी जमत नसे. घरातही त्याने काही सोडलं नव्हतं. साखर, मीठ, पीठ, सगळ्या डब्यांवर नावं. स्विचबोर्डावर १ दिवा, २ पंखा. घरात दोनच माणसं, दोघांनाही पंख्याचं बटण ठाऊक, तरी लिहिलेलं हवं. "लिहिलं की वाद मिटतो," असं तो म्हणायचा.

तिसऱ्या खिंडीखालचा दगडही त्याचाच. अठरा वर्षांपूर्वी टेपने मोजून जागा धरली, तर तिथे निघाला कातळ. पहार आपटली की ठिणगी उडायची. मुकादम म्हणाला, "खाली मोरीपाशी माती मऊ आहे, तिथं पुरा. कोण येतंय मोजायला?" मोरी होती आठशे मीटर खाली. रंगाऱ्याने तिथे दगड पुरला आणि त्याच्यावर सुरेख काळ्या अक्षरात लिहिलं: खिंड १ कि.मी.

मोटारवाल्यांना काही फरक पडला नाही. सायकलवाल्यांपैकी ज्यांच्या हँडलवर मीटर होते ते दगडाकडे बघतच नसत. एकदा एका वकिलाने तक्रार केली, तर रंगाऱ्याने उत्तर पाठवलं की तुमचा मीटर दुरुस्त करून घ्या. ते उत्तर त्याने आठ दिवस सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं.

आणि मग त्याच्याच बायकोने सायकल घेतली.

ती इस्पितळात चादरी आणि गाऊन वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत कामाला होती. दिवसभर उभं राहायचं, वाफेत भिजायचं. तिकडची बस बंद पडली म्हणून तिने तिथल्याच एका डॉक्टरीण बाईंची जुनी सायकल घेतली, एकोणपन्नासाव्या वर्षी. आधी कामावर जायला. मग रविवारी पहिल्या खिंडीपर्यंत. मग दुसऱ्या. एक दिवस तिने फेरीला नाव दिलं तेव्हा रंगारी इतका हसला की त्याला ठसका लागला.

पहिल्या वर्षी ती तिसऱ्या खिंडीच्या तोंडाशी, शेवटच्या वळणावर कोसळली. ट्रकमधून आली. दुसऱ्या वर्षीही तिथेच, त्याच वळणावर. दोन्ही वेळा दगड ओलांडल्यावर, दोन्ही वेळा दोरी बांधून झाल्यावर. रंगाऱ्याला वर्षभर पुरेल एवढा खाऊ मिळाला. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, तिच्या सख्ख्या भावासमोर तो सांगायचा, "एकशे चाळीस किलोमीटरला निघाली आणि एक किलोमीटर नाही झेपला! एक!" बोट वर करून दाखवायचा. बायको खाली मान घालून कप गोळा करायची. त्या बोटाला आठशे मीटर कमी पडत होते, हे खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. दगडाची आठवण त्याला यायची, नाही असं नाही. पण विनोद चांगला जमला होता.

तिसऱ्या वर्षी त्याने अट घातली. सायकल बोळात उभी असायची आणि त्याचा गुडघा रोज पायडलवर आपटायचा. "यंदा दोरीच्या आत आलीस तर ठीक. नाहीतर सायकल विकायची आणि हा तमाशा बंद."

"चालेल," ती म्हणाली. एवढंच. पण त्या दिवसापासून ती कामावरून थेट घरी येईना. पहिल्या खिंडीपर्यंत जाऊन मग यायची.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी ती बोळात स्टुलावर बसून हँडलवर कागदाची पट्टी चिकटवत होती. रंगाऱ्याने वाकून वाचलं. 'दगडापर्यंत बसून. दगडापासून उभं राहून. काही राखायचं नाही.'

"हे काय नवीन?"

"हिशेब," ती म्हणाली. "दोन्ही वर्षी माझा दगडानंतरच घात झाला. एक किलोमीटर राहिला म्हणून जोर करते आणि तो संपतच नाही. वाटायचं, माझ्यातच दम नाही. म्हणून यंदा दगडापर्यंत जपून जायचं आणि तिथून जीव खाऊन मारायचं. एक किलोमीटर उभ्यानं मारायची सवय केलीय मी. बरोबर एक."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल. अहो, दगड तुमच्या हातचा आहे ना? अख्ख्या घाटात माझा भरवसा फक्त त्याच्यावर."

रंगारी काहीतरी लागट बोलणार होता.  त्याऐवजी तो आत गेला, २ नंबरचं बटण दाबलं आणि पंख्याखाली बसून राहिला. तिला सांगायचं तर दोन वाक्यं बोलावी लागणार होती. एक, दगड खोटा आहे. ते एक वेळ मुकादमाच्या माथी मारता आलं असतं. दुसरं, मी हसत होतो तेव्हा मला हे माहीत होतं. ते कुणाच्याच माथी मारता येत नव्हतं. माणूस एकतीस वर्षं सबंध तालुक्याला अंतरं सांगतो आणि स्वतःच्या घरात पंख्यापासून बोळापर्यंत त्याला जाता येत नाही. असा हा शूर.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खिंडीत शंकू मांडून झाल्यावर तो रंगाचा डबा घेऊन मोरीपाशी उतरला. दगड रंगवणं हेच त्याचं काम, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. त्याने १ खरवडला, पांढरा हात दिला, तो सुकायची वाट पाहिली आणि त्यावर २ काढला. मन लावून, शेपटीसकट. बोलण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं. आकडा काही तोंड उघडत नाही. जाताना त्याने जरा लांबून बघून घेतलं. छान आला होता.

मग वर जाऊन तो दोरी हातात घेऊन उभा राहिला. दुपारभर चड्ड्या येत राहिल्या. कुणी ओकत होतं, कुणी आईला फोन करत होतं. तो कुणालाच हसला नाही. तीन वाजले. सव्वातीन झाले. मुकादम म्हणाला, "वहिनी यंदाही ट्रकनंच का?" आणि दात काढले. रंगाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा त्याला "गप बसा" म्हटलं.

तीन चोवीसला ती शेवटच्या वळणावर दिसली. बसूनच येत होती, सावकाश, मान खाली. वळण संपलं आणि माथा समोर आला, तेव्हा मात्र उभी राहिली. चार मिनिटं हातात ठेवून ती दोरीच्या जागेवरून पुढे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमानेसुद्धा.

रंगारी पाण्याची बाटली घेऊन पुढे झाला. आता ती हसेल, मग आपण काहीतरी टोमणा मारू आणि सगळं जागच्या जागी येईल, असा त्याचा अंदाज होता. ती पाणी प्यायली. तिने तोंड पुसलं.

"दगडावरचा दोन तुमचा," ती म्हणाली.

"खात्यानं... दुरुस्ती करायला सांगितलं होतं."

"शेपटीपाशी रंग अजून ओला आहे."

 तिने त्याच्या नखांकडे बघितलं. नखांत काळा रंग होता.

"खरं किती आहे?"

"एक पूर्णांक आठ."

"म्हणजे दोनही खोटाच."

"दगडावर पूर्ण आकडाच लिहितात गं," तो म्हणाला. त्याला खरंच वाटलं की हे उत्तर आहे.

"माझ्या भावासमोर तुम्ही बोट वर केलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं." हे तिने विचारलं नव्हतं, त्यामुळे त्याला नाहीही म्हणता येईना. तिने बाटली त्याच्या हातात दिली, हँडलवरची पट्टी खरडून काढली आणि चुरगळून त्याच्याच खिशात टाकली. मग उताराला लागली. गावापर्यंत अजून चाळीस किलोमीटर होते.

सायकल बोळातच राहिली. गुडघा अजून पायडलवर आपटतो आणि रंगारी मुकाट्याने चोळत आत जातो. भांडण असं झालंच नाही. स्वयंपाकघरात डबेही तेच आहेत, अक्षरही तेच. फक्त आता सकाळी चहा करताना ती साखरेचा डबा उघडते, वरचं नाव वाचते, आणि तरी त्यातली चिमूट आधी जिभेवर ठेवून बघते. मगच चहात टाकते. रोज, त्याच्यासमोर.