आबांचा हंगाम

जर्मनीत येऊन जर्मनांना फुटबॉल शिकवायचं धाडस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईचे वडील, आबा. तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे गार्चिंगला आले होते. इतरांचे आईवडील येतात ते राजवाडे बघतात, बर्फाच्या डोंगरावर फोटो काढतात. आबांनी पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाचं मैदान शोधून काढलं आणि संध्याकाळी सहा वाजता तिथे जाऊन उभे राहू लागले. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात जावयाचं ढगळ जॅकेट आणि ऐन मे महिन्यात डोक्याला माकडटोपी.

आमच्या विभागाची टीम तेव्हा पोरकी होती. आधीचा कोच पदवी घेऊन नोकरीला निघून गेला होता. टीमचं सामर्थ्य सांगायचं तर तिच्यात मी होतो, एवढंच सांगितलं की पुरे. मी उमरग्याचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, त्यामुळे खेळणं म्हणजे अभ्यास बुडवणं, असं लहानपणापासून मनावर कोरलेलं. अकरावा माणूस मिळेना म्हणून मला घेतलं होतं. अशात ताईचे यजमान आमच्या कॅप्टनला, लुकासला, सहज म्हणाले, "माझे सासरे चाळीस वर्षं कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आहेत." लुकासने ते 'चाळीस वर्षं' ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आबांच्या गळ्यात शिट्टी घातली. त्यांच्या वतीने जर्मन बोलायचं काम माझ्याकडे आलं.

कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात, म्हणून आबांचं प्रशिक्षणही तालमीचं. पासिंगबिसिंग नंतर, आधी पन्नास बैठका. मग स्टीलच्या कॅनमधून बदाम-खसखशीची थंडाई. आमचा गोलकीपर पहिल्या दिवशी कॅनकडे संशयाने बघत होता. पुढच्या आठवड्यात तो घरून स्वतःचा मोठा मग घेऊन आला. पहिल्या मॅचला आबांनी नारळ आणला. प्लास्टिकच्या गवतावर तो आपटला तर चेंडूसारखा उडाला, म्हणून त्यांनी तो प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायरीवर फोडला आणि पाणी गोलच्या रेषेवर शिंपडलं. मैदानाची देखभाल करणारा हाउसमाइस्टर धावत आला. हे काय चाललंय, याला परवानगी कुणाची, असं तावातावाने विचारू लागला. मी नियमाच्या भाषेत काहीतरी समजावत होतो, तोवर आबांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि मराठीत म्हणाले, "घ्या साहेब, गोड आहे." तो बिचारा खोबरं चावत परत गेला. ती मॅच आम्ही पाच गोलांनी हरलो.

मॅच चालू असताना आबा रेषेवरून पळत. गोलकीपर सोडला तर सगळ्यांत जास्त घाम त्यांनाच येई. "आरं, लाथ घाल की चेंडूला! काय ओवाळतोयस व्हय त्याला?" असं ते ओरडले की मी मैदानातूनच जर्मनमध्ये सांगायचो, "कृपया थोडं लवकर मारा." लुकास म्हणायचा, "ते तर एवढं बोलले, आणि अर्थ एवढाच?" मी म्हणायचो, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. माझ्यावर मात्र ते कधी ओरडले नाहीत. माझ्याकडून चेंडू गेला की फक्त म्हणायचे, "बरं हाय लगा, मागं ये." आयुष्यात मला इतक्या मायेनं मागं कुणी बोलावलं नव्हतं.

सात मॅचचा हंगाम. सहा झाल्या, पाच हरलो, एक बरोबरीत सुटली. आबांना एकच ध्यास लागला होता, एक तरी मॅच जिंकायची. आणि सातवी मॅच त्यांच्या विमानानंतर दोन दिवसांनी होती. ताईला त्यांनी लहान मुलासारखं विचारून पाहिलं, "दोनच दिवस गं." ताई म्हणाली, "आबा, नव्वद दिवस म्हणजे नव्वदच. इथे चालत नाही तसलं."

जायच्या आदल्या दिवशी सरावानंतर आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. बुटाची नाडी सोडत ते म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मी कोचबिच कुणी न्हाई. फौंड्रीत लेथवर होतो. चाळीस वर्षं नुसता बघायला जायचो. आतल्या मंडळींनी कधी रेषेच्या आत येऊ दिलं न्हाई."

"मग हे सगळं शिकलात कुठं?"

"कट्ट्यावर. चाळीस वर्षं कोचला शिव्या घातल्यात. काहीतरी कळणारच की!" ते हसले. मग खाली बघत म्हणाले, "लुकासला सांगू नको."

मी सांगितलं नाही. सातवी मॅच आम्ही दोन-एकने जिंकलो. विजयी गोल लुकासचा, पण त्याआधी चेंडू अडवून पुढे दिला तो मी. घाम पुसायच्या आधी मी कोल्हापूरला फोन लावला. निकाल सांगितला.

"मॅचच्या आधी कागद भरून देतात न्हवं?" आबा म्हणाले. "त्यावर कोच म्हणून कुणाचं नाव घातलं?"

"तुमचंच. लुकासने स्वतः लिहिलं."

आबा हळूच म्हणाले, "त्या कागदाचा फोटो धाड."

ताई सांगते, तो फोटो त्यांनी मोठा करून घेतला. कट्ट्यावरची मंडळी आता त्यांना चेष्टेनं 'कोच' म्हणतात आणि आबा खुशाल ओ देतात. गुडघ्यांमुळे पुन्हा इकडे येणं जमेल असं दिसत नाही. आम्हाला आता रीतसर शिकलेला कोच मिळालाय, आणि आम्ही बऱ्यापैकी जिंकतोही. तरी माझ्या पायातून चेंडू निसटला की मान आपोआप रेषेकडे वळते. तिथे एक सभ्य तरुण टॅबलेटवर काहीतरी टिपून घेत असतो. मग मी आपला आपणच मागं येतो.